ऐकता ऐकता वळलेली तार

एका आठवड्यात तारवालीच्या घरी तीनदा कोणाच्या ना कोणाच्या पायात तार घुसली, आणि तिन्ही वेळा बोलणी तारवालीनेच खाल्ली.

"घर आहे की खिळ्यांचं गोदाम?" सासूबाई एक पाय वर धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. "सूनबाई, तुझी तार तुझ्या खोलीत ठेव गं बाई. माझ्या टाचेला दागिना नकोय."

"आई, मी खोलीबाहेर तार आणतच नाही."

"मग काय ती आपल्या पायांनी चालत आली?"

तारवालीने वाकून तो तुकडा उचलला. तांब्याची तार, बोटभर लांब. तिच्याच टाकाऊ तुकड्यांच्या डब्यातली, यात शंका नव्हती. पण आकार? आधी पाच-सहा बारीक वेढे, थंडीत पाखरं बसावीत तसे एकमेकांना चिकटून. मग एकदम मोठा सैल फेरा, आणि शेवटी शेपूट आत खोचलेलं. पंधरा वर्षं तिचे हात तारेवर चालत होते, पण असा वेढा तिच्या हातून कधी पडला नव्हता.

एरवी तिने तो डब्यात टाकून दिला असता. पण ते दिवसच असे होते, की भुकेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं तशी ती दिसेल त्याच्याकडे पाहत होती.

झालं होतं असं. घराच्या मागच्या खोलीत बसून ती चांदीच्या तारेचे दागिने करायची. त्यावरूनच आळीने तिला तारवाली म्हणायला सुरुवात केली. भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढून बारीक करायची, ताव देऊन नरम करायची, पकडीने वळवायची, सांध्याला डाग देऊन जोडायची. सगळं उस्तादांनी शिकवलं तसं. उस्ताद गेले, पण त्यांची पानं आणि त्यांची वेल तिच्या बोटांत राहिली. केलेला माल मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात जायचा, आणि तिथे दाराजवळचं काचेचं कपाट अकरा वर्षं तिचंच होतं. परवा दुकानवाल्या बाईंनी तिचे नवे डूल तळहातावर घेतले, उलटेसुलटे केले आणि सुस्कारा सोडला.

"हात सुरेख आहे तुमचा. डाग दिलेला कळत नाही, कड कुठे टोचत नाही. पण हात तुमचा आणि डोळा तुमच्या उस्तादांचा. ही पानं मी त्यांच्याकडे पाहिली, त्यांच्या तिन्ही शिष्यांकडे पाहिली. आता झोपेतसुद्धा काढून दाखवीन."

"लोकांना आवडतात की."

"आवडायची. आता साच्यातून तशीच पानं निघतात, एका दिवसात शंभर. ते साचेवाले हे कपाट मागतायत. पंधरा दिवस थांबते मी. जे मी कुठेच पाहिलेलं नाही, असं काहीतरी एक आणा. नाहीतर तुमचा माल मागच्या खणात जाईल, आणि मागचे खण कोणी उघडत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिचा गुरुबंधू मागच्या खणात गेला होता. आता तो साचेवाल्यांकडे बसून त्यांच्या पानांच्या कडा कानशीने घासतो. दिवसभर तेच, आणि पान त्याचं नाही.

म्हणून तो तांब्याचा तुकडा तिने फेकला नाही. पदराला पुसला आणि घरात विचारत सुटली.

लेक दहा वर्षांची. दिवसाला साठ प्रश्न, त्यामुळे आजोबांनी तिचं नाव चौकशी ठेवलं होतं. "मी नाही केलं," ती म्हणाली. "मी केलं असतं तर सांगितलं असतं." ते खरं होतं. ती न केलेलंही सांगायची.

नवरा बस चालवायचा. बूट घालता घालता म्हणाला, "मला स्टिअरिंग सोडून काही वळवता येत नाही. आणि तुझ्यापुढे तेही नाही."

सासूबाईंना तर प्रश्नाचाच राग आला. "मी? मला दुसरी कामं नाहीत?"

सासऱ्यांना कोणी विचारलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे सगळे वेळ विचारायला जातात. तू कसा आहेस, असं त्याला कोण विचारतं? तसं त्यांचं होतं. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं रस्त्याखालच्या खड्ड्यात बसून तारांचे सांधे जोडले, निवृत्त झाले, आणि तारवालीच्या खोलीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत येऊन बसले. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर बोलले.

गुपित फोडलं चौकशीने. "आई, आपण मोजूया ना! डब्यात वीस तुकडे ठेव आणि शाळेतून मी आल्यावर बघू." वीस ठेवले. संध्याकाळी चौदा निघाले.

"म्हणजे चोर दुपारचा येतो," चौकशी डोळे बारीक करून म्हणाली. "दुपारी घरात कोण असतं?"

दुसऱ्या दिवशी तारवालीने धूर ओढणारा पंखा बंद केला, दार नेहमीसारखं चार बोटं उघडं ठेवलं आणि हातात पकड घेऊन नुसती बसली. बाहेर सासूबाई मटार सोलत होत्या, आणि तोंड हातापेक्षा वेगाने चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीने म्हणे स्वतःच्याच बहिणीचा झगा दोन बोटं तंग शिवला, मुद्दाम, कारण बहीण हिला जाडी म्हणाली होती. सासरे खुर्चीत. नजर खिडकीबाहेर. डावा हात दारातून आत आला, न बघता, गाय गोठ्यात शिरावी तसा सवयीने. फळीवरच्या डब्यातून एक तुकडा उचलला आणि परत गेला.

मग बोटं चालू लागली. सासूबाई भरभर बोलत होत्या तोवर बारीक बारीक वेढे. "आणि मग काय, झगा घालायला गेली आणि टर्रकन!" इथे सासूबाई स्वतःच खदखदून हसल्या, आणि सासऱ्यांच्या बोटांखाली तार एकदम सैल सुटून मोठा फेरा झाला. चेहऱ्यावर रेघही हलली नाही. तुकडा घरंगळून खुर्चीखाली पडला. त्यांना पत्ताच नव्हता.

तारवालीच्या लक्षात आलं. ते वेढे म्हणजे सासूबाईंचं बोलणं होतं, आणि तो फेरा त्यांचं हसू.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. कोण बोललं की तार कशी वळते? ती चोरून पाहू लागली, खुर्चीखालचे तुकडे गोळा करून तीन वाट्यांत वेगळे ठेवू लागली. चौकशीच्या प्रश्नांना तार नागमोडी जायची आणि दर वळणावर सुईच्या नेढ्याएवढं भोक. नवरा मोजकं बोलायचा, त्याची तार सरळ, फक्त मध्ये एक ठाम कोपरा. आणि सासूबाईंची वाटी तर शिगोशीग. कधी घर गप्प असलं तर तीच मुद्दाम काडी टाकायची.

"आई, त्या शिंपिणीच्या बहिणीचं पुढे काय झालं हो?"

"आज कुठून सूर्य उगवला?" सासूबाईंनी भुवया वर केल्या. "अकरा वर्षांत कधी विचारलं नाहीस." आणि मग तासभर सांगितलं.

दिवस आठ उरले असतील. वाट्यांतले तुकडे तिने ओळीने लावून पाहिले. हे दुकानवाल्या बाईंनी कुठेच पाहिलेलं नसणार. हे चांदीत आलं तर! आणि त्या आनंदात तिने करू नये ते केलं. भर जेवणात सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, तुमच्या हातात केवढी कला आहे, तुम्हाला माहीत तरी आहे का?" आणि तिन्ही वाट्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

सासरे त्या तुकड्यांकडे पाहत राहिले. मग आपल्या हातांकडे. चोरी पकडली जावी तसे कानापर्यंत लाल झाले.

"हे मी केलं?"

"तुम्हीच. उद्या मला चांदीत करून द्याल?"

त्यांना नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, साबणाने हात धुतले, चष्मा पुसला आणि परीक्षेला बसावं तसे तिच्या कामाच्या पाटासमोर ताठ बसले. तिने ताव दिलेली चांदीची तार पुढे केली. दोन तासांत त्यांनी बारा तुकडे वळले. बाराच्या बारा एकसारखे. टेलिफोन खात्याचा पक्का सांधा: तीन वेढे सैल, नऊ घट्ट, टोक दाबलेलं. साहेबाने शाबासकी द्यावी असे, आणि त्यात घरातलं कोणीच नव्हतं.

"चुकलं का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. फार छान आहेत."

खोटं बोलणं कोणाला कळत नाही? त्या दुपारी ते खुर्चीत बसले, पण हात मांडीवर पालथे ठेवून, रागावलेल्या मुलांसारखे. सासूबाई बोलल्या, हसल्या; बोटं हलली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. डब्यातले वीस तुकडे वीसच राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून खिडकीकडे नेली.

सासूबाईंनी तारवालीला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज खाली, म्हणजे गोष्ट गंभीर. "जेवणाऱ्यापुढे आरसा धरू नये गं. घास घशात अडकतो. काय केलंस त्यांचं? बोलत तर आधीच नव्हते. आता ऐकतसुद्धा नाहीत. मी भिंतीशी बोलतेय असं वाटतं."

कपाट तर जाणारच होतं. वर घरातल्या एका माणसाचं कसलं तरी सुख आपण मोडलं, हे तारवालीला जास्त टोचत होतं. तिने दार लावून घेतलं, पंखा चालू केला आणि वाटीतले तुकडे समोर ठेवून हुबेहूब तसे वळायला बसली. वेढ्याला वेढा जुळला, फेऱ्याला फेरा. आणि तरी ते मेलेल्या माशांसारखे पाटावर पडून राहिले. आधी उस्तादांची नक्कल, आता सासऱ्यांची. एवढाच काय तो फरक.

चौकशी शाळेतून आली आणि दार ढकलून थेट आत शिरली. "आई, एक विचारू?"

"तू कधी परवानगी घ्यायला लागलीस?"

"आम्ही बाहेर बोलतो तेव्हा तुला ऐकू येतं?"

"आवाज येतो की."

"आवाज नाही गं. बोलणं. आजोबांना बोलणं ऐकू यायचं म्हणून त्यांची तार तशी व्हायची ना? तुला काय येतं?"

तारवालीने वर पाहिलं. पंखा घरघरत होता. दार नेहमी लोटलेलं. अकरा वर्षं तिने या खोलीत बसून बाहेरच्या घराचा नुसता गलबला ऐकला होता, रस्त्यावरच्या रहदारीसारखा. कोणी हसलं की 'हसतायत' एवढं कळायचं. कशाला, ते नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाट उचलला आणि मधल्या खोलीत आणून टाकला. जाळ काढायची बत्ती नाही, डाग नाही. फक्त नरम तार आणि पकड.

"इथे कुठे पसारा?" सासूबाई म्हणाल्या.

"आत गरम होतं." ती भिंतीला टेकली. "आई, ताव का देतात माहीत आहे? तापवली नाही तर तार वळण घेत नाही, मोडते."

"तारेचंच कशाला," सासूबाईंनी दुधीची साल एका लांब फितीत उतरवत सूर धरला. त्यांना आपल्याच ओळी जुळवायची खोड होती.

"तारेला ताव द्यावा, तार होई लोण्यावाणी,
माणसाला कान द्यावा, माणूस वाहे पाण्यावाणी."

"वा!" चौकशी म्हणाली. "आजी, आत्ता केलंस?"

"आत्ताच. तुझ्या आजोबांना उद्देशून. कान खिडकीबाहेर टाकून बसलेत."

सासरे खिडकीकडून वळले नाहीत. तारवालीच्या हातात तार होती. सवयीने पान झालं. तिने ते सरळ केलं. पुन्हा पान. पुन्हा सरळ. मग तिने हाताकडे पाहणं सोडलं आणि सासूबाईंना म्हणाली, "बाबा टेलिफोनमध्ये होते, तर तुमच्या घरी फोन पहिल्यापासून असेल, नाही?"

"कसला फोन? लोहाराच्या घरी सुरी बोथट, तशी गत. सगळ्या गावाच्या तारा जोडल्या यांनी, आमच्याकडे फोन आला बारा वर्षांनी. फोन होता तो खाली औषधवाल्याकडे. आणि मी तिसऱ्या मजल्यावर." सासूबाई सरसावून बसल्या. "हे खड्ड्यात सांधा जोडायचे. जोडला की तो चालतो की नाही बघायला फोन लावून पाहायचा असतो. तर हे कुठे लावणार? औषधवाल्याकडे! तो खालून ओरडायचा, 'वहिनी, फोन!' मी गॅस बंद करून, तीन जिने उतरून, धापा टाकत फोन घ्यायची. हे म्हणायचे, 'येतंय का ऐकू?' मी म्हणायची, 'येतंय.' की ठेवला फोन! बास. एवढ्यासाठी तीन जिने! कधी दिवसातून चारदा. पाय मोडले माझे. मी म्हणते, अहो, एवढं सगळं टेलिफोन खातं, त्यात लाइन तपासायला दुसरं कोणी नव्हतं का?"

चौकशी हसून लोळत होती. सासूबाईंनी साल टोपलीत टाकली. आणि खिडकीकडून आवाज आला.

"होतं की. ऑफिसचा नंबर होता त्यासाठी. नियमाने तिकडेच लावायचा असतो."

सासूबाईंच्या हातातलं सोलणं हवेतच राहिलं.

"मग?" चौकशीने विचारलं. "मग आजीला का लावायचात?"

"खड्ड्यात दिवसभर कोणाचा आवाज नसतो," सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

सासूबाईंनी मान खाली घातली आणि सोललेला दुधी पुन्हा सोलायला घेतला. "आधी सांगायचं होतं," त्या पुटपुटल्या. "मी दोन वाक्यं तरी जास्त बोलले असते."

"दोन?" सासरे म्हणाले, आणि मग त्या दोघांना एकदमच हसू आलं.

तारवालीने खाली पाहिलं. तिच्या बोटांत तार होती, आणि ती पान नव्हती. लांब, सरळ, एकटी गेलेली. मग टोकाला वळून, सगळं अंतर परत चालत येऊन आपल्याच सुरुवातीला हलकेच धरून बसलेली. उस्तादांनी हे शिकवलं नव्हतं. सासऱ्यांच्या वाट्यांतही असं काही नव्हतं. परक्या मुलीने ओळख दाखवल्यावर व्हावं तशी चकित होऊन ती त्या तुकड्याकडे पाहत राहिली.

खिडकीकडे कसलीशी बारीक हालचाल झाली. सासऱ्यांच्या हातात काही होतं का? तिने पाहिलं नाही. मुद्दाम मान फिरवून दुसरी तार घेतली.

पुढचे तीन दिवस ती मधल्या खोलीतून हलली नाही. घर बोलत राहिलं, भांडलं, रुसलं, एकदा नवऱ्याने बसमध्ये चढलेल्या बकरीची गोष्ट सांगितली आणि तिकीट कोणी काढायचं यावर वाद पेटला. तिने सगळं ऐकलं. एकेक कडी होत गेली. काही फसल्या, त्या वितळवल्या; सत्तावीस उरल्या, एका माळेपुरत्या. शेवटी जोडायची वेळ आली आणि ती बत्ती आणायला उठली, तर सासरे समोर उभे.

"डाग नको देऊ. आग लागली की वळणं ढिली पडतात. हाताने सांध."

"चांदी आहे बाबा. सुटेल."

"चौतीस वर्षांत माझा एकही सांधा सुटला नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून फुशारकी घरात प्रथमच ऐकली गेली. "तीन सैल, नऊ घट्ट. सैल आधी. घाईघाईने घट्ट केलं की तार आतून तुटते."

दोघांनी मिळून सव्वीस सांधे घातले. माळ झाल्यावर सासऱ्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि तारवाली "अहो!" म्हणेपर्यंत झटका देऊन ताणली. अठरावा सांधा सुटला. तो तिने घातलेला. त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला. तिने तो पुन्हा घातला, आधी सैल, मग घट्ट. दुसऱ्या झटक्याला माळ टिकली.

"माझी कडी कुठली?" सासूबाई माळेवर वाकून शोधत होत्या. "ही गुंता झालेली असली तर सांगून ठेवते, जेवण मिळणार नाही."

पंधराव्या दिवशी दुकानात साचेवाल्यांचा माणूस आधीच येऊन बसला होता, कपाटाच्या मापाची फीत घेऊन. दुकानवाल्या बाईंनी माळ हातात घेतली. कड टोचते का पाहिलं. डाग शोधला, सापडला नाही. "झाळलेलं नाही?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. खिडकीपाशी उजेडात गेल्या आणि एकेका कडीवरून बोट फिरवू लागल्या. बोट भरभर चाललं, मग हळू, मग एका कडीवर थांबलं. लांब, सरळ जाऊन परत आलेल्या.

"इथे काय झालं?"

"काही झालं नाही. म्हणजे... माझ्या सासूबाई एक गोष्ट सांगत होत्या. जिन्यांची."

"सांगा."

तारवालीने सांगितली. औषधवाला, तीन जिने, येतंय का ऐकू, येतंय. ऑफिसचा नंबर. फीत घेऊन आलेला माणूसही फीत गुंडाळायची विसरून ऐकत होता. सांगून झालं तेव्हा दुकानवाल्या बाई खिडकीपासून परत आल्या. त्यांनी काचेचं कपाट उघडलं, आतली पानं आणि वेली एका हाताने बाजूला सारल्या, माळ मधोमध ठेवली. मग लगेच पुन्हा बाहेर काढली, स्टूल ओढून तारवालीच्या समोर बसल्या आणि पुढच्या कडीवर बोट ठेवलं.

"आणि ही? ही कोणाची, इतकी भांडकुदळ?"